जावेचं दूध

बारामती

एचआयव्ही आईकडून बाळाला जाऊ शकतो आणि ते टाळण्याचा थोडाफार प्रयत्न करता येतो, हे तालुक्याच्या गावी बाळंत होणाऱ्या बाईला कितपत माहीत आहे, एवढंच पाहायला मी बारामतीला गेले होते. एकोणीसशे नव्याण्णवचा जानेवारी होता. पुण्या-मुंबईत या विषयावर परिसंवाद होत होते आणि त्यांच्या बातम्या मीच लिहीत होते. परिसंवादात ‘माता’ हा शब्द नेहमी अनेकवचनी असे. या प्रवासात मला भेटलेल्या बायकांपैकी एकीबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे. इतरांची उत्तरं थोडक्यात सांगता येतात. नावं सगळी बदलली आहेत.

ज्या दवाखान्यात मी पहिली सकाळ काढली तिथे त्या दिवशी गरोदर बायकांची तपासणी होती. व्हरांड्यात बाकांवर आणि खाली फरशीवर बायका बसल्या होत्या, सोबत सासवा, आया, लहान मुलं. भिंतीवर कवटीचं चित्र असलेला एक फलक होता. रोग कशाकशाने होतो ते त्यावर लिहिलेलं होतं. ‘बाधित आईकडून बाळाला’ ही त्यातली शेवटची ओळ होती आणि ती वजनकाट्याच्या मागे गेली होती. काटा सरकवल्याशिवाय वाचता येत नव्हती.

“ह्यो ट्रकवाल्यांचा रोग हाय, बाई,” बाकावरच्या एका बाईने मला सांगितलं. “आमच्यात कुठला?”

“तुजा नवरा काय इमान चालवतो व्हय गं?” शेजारची म्हणाली. बायका हसल्या. पहिलीही हसली. तिचा नवरा ट्रकवरच होता.

मूल पोटात असताना त्याला हा रोग होईल का, असं मी विचारलं. त्यावर बहुतेकींचं मत एकच होतं. पोराचं रक्त बापाचं, आई नुसती नऊ महिने वागवते. तेव्हा बापाला असेल तर पोराला होणार, आणि बापाला नसेल तर आईला असून काही बिघडत नाही. आईला कुठून होणार, हा प्रश्न त्यात कुठेच येत नव्हता.

“आणि दुधातून?” मी विचारलं.

सुनेला घेऊन आलेल्या एका म्हातारीने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “बाई, तुमाला लहानपनी आईनं पाजलं का डब्यानं?”

आईने, असं मी सांगितलं.

“मग आईच्या दुधाला नावं ठेवू नगा. इख असलं तरी लेकराच्या तोंडात जाताना त्याचं अमृत हुतं.”

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. माझ्या टाचणांत त्या सकाळचं एवढंच आहे.

हे सगळं शैलाताई ऐकत होत्या. त्या नर्स. वय चाळिशीच्या आत, आवाज मोठा, चालण्यात घाई. बायका गेल्यावर वजनकाटा परत भिंतीला लावत त्या म्हणाल्या, “ज्यांना माहीत नाही त्यांना विचारून तुम्हाला काय मिळणार? माहीत नाही, एवढंच मिळणार. जिला माहीत आहे ती काय करते, ते बघा.”

“अशी कोणी आहे?”

“आहे. पण आधी तिला विचारते. ती हो म्हणाली तरच नेईन.”

पिंपळी

शैलाताईंचं घर पिंपळीत. संध्याकाळी त्यांच्या लूनावर मागे बसून गेले. कालव्याच्या कडेने रस्ता, दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस, मध्येच गव्हाचा हिरवा तुकडा. घरात शिरताच त्यांचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणतात, खुर्चीतून उठले आणि “जयभीम” म्हणाले. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते, आता घरची जमीन बघतात.

जेवायला ज्वारीची भाकरी, मेथीची गरगट भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीत काकवी होती. काकवीशी भाकरी कशी खायची ते आबांनी दाखवलं. आमच्या रत्नागिरीकडे गुळाचा एवढा पातळ अवतार पानात येत नाही.

“माझ्या लहानपणी,” आबा म्हणाले, “माळेगावच्या वस्त्यांवर आमच्या आईला पाणी वरनं वाढायचे. आता त्याच वस्त्यांवर आमची शैला चुलीपतोर जाती. बाळंतिणीच्या बाजेवर बसती.”

“चहा कपात देतात का बशीत, ते सांगा की आबा,” शैलाताई म्हणाल्या.

“कपात देत्यात?”

“कपात देतात. कप निराळा असतो.”

आबा मोठ्याने हसले आणि हात धुवायला उठले. ते बाहेर गेल्यावर शैलाताईंनी मला सुनंदाबद्दल सांगितलं. दुपारी त्या तिला भेटून आल्या होत्या आणि ती हो म्हणाली होती.

सुनंदा माळेगावजवळच्या एका वस्तीवर राहते. नवरा मळीच्या टँकरवर ड्रायव्हर. पहिली मुलगी वर्षाची होऊन गेली. खात होती तरी वाळत गेली, अंगावर फोड, तोंड आलेलं. घरच्यांनी दृष्ट म्हटलं, मग सटवाईचा कोप म्हटलं. त्यानंतर नवऱ्याला नागीण झाली आणि खोकला जाईना, तेव्हा पुण्यात कोणा डॉक्टरने दोघांचं रक्त तपासलं. तेव्हा ती पुन्हा पोटुशी होती. त्या डॉक्टरने तिला एकच वाक्य सांगितलं: ह्या मुलाला अंगावर पाजू नकोस.

“परदेशात गोळ्या निघाल्यात म्हणतात, बाळंतपणाच्या आधी द्यायच्या,” शैलाताई म्हणाल्या. “इथं त्या मी डोळ्यांनी पाहिल्या नाहीत. मग हातात राहिलं काय? दूध. तेवढं तरी तोडायचं.”

“घरी काय सांगितलं तिने?”

“घरी माहीत नाही. नवरा-बायको आणि मी. मीच म्हटलं, दूध येत नाही म्हणून सांग. बायकांना नसतं येत कधी कधी. कोणी संशय घेत नाही. माझं एक चुकलं. घरात दुसरी लेकुरवाळी आहे हे मी धरलंच नाही.”

सुनंदाची जाऊ कुसुम. तिचा मुलगा दहा महिन्यांचा. सुनंदाला दूध नाही म्हटल्यावर कुसुमने काही न विचारता तिचं बाळ उचललं आणि छातीला लावलं. या भागात ती रीतच आहे. एका घरात दोन ओल्या बाया असल्या तर पोरं दोघींची. एक शेतात गेली की दुसरी दोन्ही पाजते. कोकणात आमच्याकडे घरं लहान आणि सुना नोकरीमागे पांगलेल्या, त्यामुळे मी हे पाहिलं नव्हतं.

“पण मग बाळाचं बरंच झालं,” मी म्हटलं. “आईचं नको होतं, आणि वरचंही द्यावं लागलं नाही.”

“मीही तेच म्हटलं,” शैलाताई म्हणाल्या. “उद्या बघा.”

माळेगाव

कारखान्याच्या आधी कारखान्याचा वास येतो. आंबूस, गोडसर, घशात बसणारा. रस्त्यावर बैलगाड्यांची रांग होती, बैल उभ्या उभ्या वाढं खात होते. वाढं म्हणजे उसाच्या शेंड्याची हिरवी पात. हंगामात सगळी जनावरं त्याच्यावरच असतात. चिमणीचा धूर खाली उतरला होता आणि ऊन असूनही दिवस मळका दिसत होता.

वस्ती म्हणजे उसाच्या मधोमध चार खोल्यांचं पत्र्याचं घर, समोर गोठा, दोन म्हशी. घरातले दोघे भाऊ गाडीवर गेलेले. सासूबाईंनी आम्हाला गुळाचा चहा दिला. मी ‘पुण्याच्या बाई’ होते, एवढी ओळख त्यांना पुरली. कप कोणता कोणाला आला हे मी पाहिलं. शैलाताईंच्या कपाला कान नव्हता.

बाळंतिणीच्या खोलीत खिडकी बंद होती. बाजेखाली शेगडी, तिच्यावर ओव्याची आणि शेपांची धुरी. सुनंदा कानाला फडकं बांधून भिंतीला टेकून बसली होती. वय बावीस-तेवीस, चेहरा रुंद, डोळे कोरडे. बाळ मुलगा. महिना भरून गेला होता आणि सव्वा महिन्याला दोनच दिवस उरले होते. बाळ तिच्याजवळ नव्हतं. खाली पोत्यावर कुसुम दोन्ही मांड्यांवर दोन पोरं घेऊन बसली होती. धाकटं पीत होतं आणि थोरलं, त्याला सोन्या म्हणत, धाकट्याचा पाय ओढत होतं.

“बसा म्याडम,” कुसुम म्हणाली. “मला उठता येत न्हाय. घरात आता तीन म्हशी झाल्या. दोन गोठ्यात, एक हितं.”

“तुला वाढं कमी पडतं का मग?” शैलाताईंनी विचारलं.

“मला वाढं न्हाय, शेपूची भाजी. सकाळी शेपू, सांच्याला शेपू. सासूबाईंनी सगळ्या रानात शेपूच पेरलाय जनू.”

ती हसली की दोन्ही पोरं हलत होती. सुनंदा हसली नाही. ती बाळाच्या तोंडाकडे पाहत होती.

थोड्या वेळाने कुसुमने बाळ बाजेवर ठेवलं, सोन्याला खाली सोडलं आणि वाढं आणायला निघाली. जाताना सासूला म्हणाली, “आत्याबाई, सोन्या रडला तर सुनंदाकडं द्या. न्हायच आलं दूध तर नुसता चोखंल आन् झोपंल.”

सोन्या काही वेळ दाराशी खेळला. मग आईची दिशा पाहून रडायला लागला. सासूबाईंनी त्याला उचलून आत आणलं.

“सुनंदे, घे गं ह्याला अंगाशी.”

“आत्याबाई, न्हाय ना येत दूध.”

“न्हाय येत, न्हाय येत! एवढं अळीव घातलं, डिंक घातला. म्हशीला घातलं असतं तर घागर भरली असती.” असं म्हणत त्या जवळ गेल्या आणि थांबल्या. सुनंदाच्या चोळीवर दोन ओले डाग होते. पोराचं रडणं ऐकून पान्हा फुटतो, तो कोणाच्या सांगण्याने थांबत नाही. तिने पदर ओढला, पण उशीर झाला होता.

“आन् ह्ये काय भिजलंय?”

सुनंदाने पदर आणखी आवळून धरला.

“जावंनं तुजं पोर म्हैनाभर सांभाळायचं, आन् तिच्या पोराला घोटभर द्यायचं तर तुज्या जिवावर येतं व्हय? कसल्या काळजाची गं तू? सख्खा पुतण्या हाय त्यो.”

त्यांनी सोन्याला तिच्या मांडीवर बसवलं. दहा महिन्यांच्या पोराला कुठे तोंड लावायचं ते कळतं. तो पदर ओढू लागला. सुनंदाने उजव्या हाताचा पंजा त्याच्या कपाळावर ठेवून त्याला दूर धरलं. तो तिच्या हाताखालून शिरायचा प्रयत्न करत होता. ती सासूकडे पाहत नव्हती, आमच्याकडेही नाही. समोरच्या भिंतीकडे पाहत होती आणि तिचा हात मात्र अजिबात हलत नव्हता.

शैलाताईंनी पुढे होऊन सोन्याला उचललं. “मावशी, तिला दगडी झालीय.”

“काय?”

“दगडी. गाठ धरलीय. दुधात पू आहे. पोराला लावायचं नाही.”

म्हशीच्या कासेला सूज येऊन ती दगडासारखी होते, त्याला इकडे दगडी म्हणतात. सासूबाईंचा चेहरा क्षणात बदलला. “आगं मग आदी न्हाय का सांगायचं! मी आपली बोलतीया कवाची. दगडीत रेडकूसुदीक लावत न्हायत. लाज वाटली व्हय तुला? बघू दे कुठं हाय गाठ.”

“हात लावू नका. आत्ताच औषध लावलंय,” शैलाताई म्हणाल्या.

सासूबाईंनी हात मागे घेतला. मग त्यांनी सोन्याला कडेवर घेतलं, सुनंदाच्या डोक्यावरून एकदा बोटं फिरवली आणि कानशिलावर मोडली. पोराला दुधात कुस्करलेली भाकरी भरवायला त्या बाहेर गेल्या. जाता जाता म्हणाल्या, “परवा सव्वा म्हैना झाला की माहेरी जाऊन ये. तुज्या गावात ती म्हातारी हाय की, गाठ उतरवती ती. दगडी बरी झाली की दूध येतंच परत.”

त्या गेल्यावर सुनंदा पहिल्यांदा आपणहून बोलली. आवाज अगदी खाली होता.

“सिस्टर, माजं पोर तिच्या अंगावर हाय. पोराला आसंल, तर तिला हुईल का?”

शैलाताईंनी दाराकडे पाहिलं.

“तुमी मला पोराचं सांगितलं. तिचं न्हाय सांगितलं.”

“मला माहीत नाही, सुनंदा. इंदापूरला एक डॉक्टर आहेत. तू माहेरी जाशील तेव्हा वाटेत त्यांना विचारू.”

“आन् त्यांनी हुईल म्हटलं तर?”

गोठ्यातून सासूबाईंचा आवाज येत होता. त्या सोन्याला घास भरवताना म्हशीशी बोलत होत्या.

“तर मला तिला सांगावं लागंल,” सुनंदाच म्हणाली. “सांगितलं की ती पाजनार न्हाय. मग ह्ये कशावर जगंल? आन् न्हाय सांगितलं तर...” बाळ जागं झालं होतं. तिने ते उचललं, खांद्यावर घेतलं, आणि छाती आणि बाळ यांच्यामध्ये घडी घातलेली गोधडी ठेवली.

इंदापूर

सुनंदाला एकटीला पाठवणं शक्यच नव्हतं. ओली बाळंतीण, अंगावर पोर, आणि पुरुष गाडीवर. तिच्याबरोबर कुसुम निघाली, कारण बाळाला वाटेत पाजायला कोणीतरी हवं होतं. कुसुम निघाली म्हणून सोन्याही निघाला. सुनंदाचं माहेर इंदापूरच्या पुढे, उजनीच्या पाण्याकाठी. तिकडची गाडी इंदापूरच्या स्टँडवरून सुटते. शैलाताईंनी रजा काढली होती.

आम्ही वडापच्या, म्हणजे उतारू भरून नेणाऱ्या खाजगी जीपने गेलो. वाटेत उसाची एक ट्रॉली आडवी झाली होती आणि दोन्हीकडची वाहनं अडकली होती. ड्रायव्हर शिव्या देत होते, उतारू मात्र खाली उतरून रस्त्यावरचा ऊस मोडून खात होते. कुसुमने गुडघ्यावर एक कांडं मोडलं आणि अर्धं मला दिलं. मी दातांनी साल काढायला गेले आणि ओठ कापून घेतला.

“म्याडम, पुण्यात ऊस गिलासातच पिकतो वाटतं!” ती म्हणाली. जीपमधले सगळे हसले. मग तिने आपल्या दातांनी साल काढून पेरं माझ्या हातात दिलं, आणि दुसऱ्या हाताने पदराखाली सुनंदाचं बाळ सरळ केलं. ते पीत होतं. सुनंदा खिडकीशी बसली होती आणि आडव्या ट्रॉलीकडे पाहत होती.

इंदापूर सोलापूर रस्त्यावरचं गाव. रस्त्याला तोंड करूनच ते बसलेलं आहे. ट्रक, टँकर, टायरची दुकानं, धाब्यांपुढे टाकलेल्या बाजा. एका धाब्याच्या भिंतीवर ड्रायव्हर लोकांनी काय काळजी घ्यावी ते रंगवलेलं होतं. तिथे बायकोचा उल्लेख नव्हता, मुलाचाही नव्हता.

डॉक्टरांचा दवाखाना तहसील कचेरीच्या बाजूला. कुसुम दोन्ही पोरं घेऊन बाहेर कट्ट्यावर बसली. तिला ‘दगडी दाखवायची आहे’ असं सांगितलं होतं. आत आम्ही तिघी गेलो.

डॉक्टर पन्नाशीचे, थकलेले, सरळ बोलणारे. त्यांनी सुनंदाला खुर्ची दिली आणि तिच्याशीच बोलले, आमच्याशी नाही. बाधित आईचं प्रत्येक मूल बाधित होतंच असं नाही, ते म्हणाले. काहींना पोटात असताना होतं, काहींना जन्मताना, काहींना दुधातून. या बाळाला आहे की नाही हे आत्ता त्यांना सांगता येत नव्हतं. आईच्या रक्तातल्या खुणा बाळात दीड वर्षापर्यंत राहतात, तोवरच्या साध्या तपासणीला अर्थ नाही.

“पुण्याच्या डॉक्टरांनी पाजू नको म्हटलं ना? ठीक आहे. पण माझ्याकडे वरच्या दुधाची पोरं येतात. जुलाब, सुकलेली. बाटली कालव्याच्या पाण्यात धुतलेली असते. ती काही ह्या रोगाने मरत नाहीत. मी तुला काय सांगू? तुझ्या पोराला बाईचं दूध मिळतंय, ते ह्या घडीला चांगलं आहे.”

“जाऊ पाजती,” सुनंदा म्हणाली. “पोराकडनं तिला हुईल का?”

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “शक्यता फार कमी. पोराच्या तोंडाला फोड असले, तिच्या छातीला चीर असली, तर... फारच कमी.”

“पन हाय.”

“नाही, असं मी छातीठोक सांगू शकत नाही.”

सुनंदाने मान हलवली. पैसे किती झाले ते विचारलं. डॉक्टरांनी घेतले नाहीत.

स्टँडवर दुपारची गर्दी होती. माहेरच्या गावाची एसटी लागायला वेळ होता. आम्ही खांबाशेजारच्या बाकावर बसलो. सोन्या शैलाताईंच्या मांडीवर झोपला होता. बाळ रडू लागलं तसं कुसुमने ते घेतलं आणि पदराखाली लावलं. एका हाताने ती डब्यातली भाकरी सोडत होती.

“काय म्हनला डाक्टर? कापायची गाठ?”

“गाठ न्हाय, कुसुमताई,” सुनंदा म्हणाली.

तिने सांगितलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. पहिल्या मुलीचं, नवऱ्याच्या नागिणीचं, पुण्याच्या तपासणीचं, डॉक्टरांनी आत्ता काय सांगितलं त्याचं. रोगाचं नाव तिने एकदाच घेतलं, तेही पुढे वाकून. शेजारच्या बाकावर एक म्हातारा तंबाखू मळत होता, त्याला काही ऐकू गेलं नसावं.

कुसुमचा हात डब्यावरच राहिला. बाळ पीत होतं.

“माज्या सोन्याला?” तिने विचारलं. हाच तिचा पहिला प्रश्न होता.

“न्हाय. त्याला एकदाबी न्हाय दिलं.”

“एकदाबी?”

“तू रानात गेलीस की त्यो रडायचा. आत्याबाई त्याला माज्याकडं टाकून जायच्या. मी कवा त्याला पाटकुळी घेतलं, कवा गोठ्यात रेडकापाशी बसवलं. अंगाशी न्हाय घेतलं. म्हनून तर शिव्या खाल्ल्या.”

कुसुमने करंगळी घालून बाळाचं तोंड सोडवलं, जसं रोज सोडवत असेल तसंच, हलकेच. टोपडं नीट केलं आणि बाळ सुनंदाच्या मांडीवर ठेवलं.

“घरी मी कुनाला सांगनार न्हाय,” ती म्हणाली. “आत्याबाईंना दगडीच म्हनंन. पन आता माज्याच्यानं हुयाचं न्हाय, सुनंदा. मला बी एकच हाय.”

“व्हय,” सुनंदा म्हणाली. “तुजं बराबर हाय.”

गाडी लागली. कुसुमही पुढे माहेरापर्यंत जाणार होती, ती चढली नाही. शैलाताईंनी सुनंदाला घाईघाईने सांगितलं: गाईचं दूध, उकळून, वाटी-चमच्याने, बाटली नको, पाणी उकळलेलं. सुनंदा प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. बाळ अर्धपोटी होतं आणि रडत होतं. कंडक्टरने तिला ओली बाळंतीण म्हणून पुढची जागा दिली. गाडी मागे घेताना तिचा चेहरा दिसला नाही. काचेला टेकलेलं बाळाचं टोपडं दिसलं.

आम्ही परतीच्या गाडीसाठी तिथेच बसलो. कुसुमने भाकरी न खाता डबा परत बांधला. शैलाताई तिला समजावत होत्या. तुला काही होणार नाही, डॉक्टर म्हणाले ना, फार कमी. कुसुमने ते ऐकलं की नाही, कळलं नाही.

“सिस्टर,” ती एकदम म्हणाली, “भावजींना कुठनं झालं?”

“ते कसं सांगणार? गाडीवर असतात. बाहेरचं काही.”

“गाडीवर दोघं असत्यात,” कुसुम म्हणाली. “भावजी डायवर. आमचं मालक त्याच गाडीवर किलीनर. गेली चार वरसं. जिथं गाडी थांबती तिथं दोघं थांबत्यात.”

शैलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. गेला महिनाभर एका बाळाला या बाईचं दूध चांगलं म्हणून पाजलं जात होतं. पुण्याच्या डॉक्टरांना ती माहीत नव्हती. इंदापूरच्या डॉक्टरांनी बाईचं दूध चांगलं म्हटलं होतं, बाई बाहेर कट्ट्यावर होती. शैलाताईंनी बरंच झालं म्हटलं होतं. मीही म्हटलं होतं. या बाईचं रक्त कोणीही तपासलेलं नव्हतं, आणि ते तपासावं असं आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.

“सोमवारी दवाखान्यात ये,” शैलाताई म्हणाल्या. “मी स्वतः करून घेते. काही नसणार, कुसुम. सोन्या बघ कसा गुटगुटीत आहे.”

“सुनंदाची पोरगी बी पयली गुटगुटीतच हुती.”

सोन्या जागा झाला. गर्दीला आणि हॉर्नला बिचकून रडायला लागला आणि आईकडे झेपावला. कुसुमने त्याला घेतलं. तो पदरात तोंड खुपसू लागला. तिने पदर सोडला नाही.

“सिस्टर, सोमवारपतोर ह्याला पाजू का नगो?”

“पाज,” शैलाताई म्हणाल्या. “इतके दिवस पाजलंस.”

कुसुम त्यांच्याकडे पाहत होती. मग ती उठली, सोन्याला कडेवर घेऊन स्टँडच्या कॅन्टीनपर्यंत गेली आणि बिस्किटांचा पुडा घेतला. नळाला धार बारीक होती. तिने ओंजळीत पाणी धरलं, त्यात बिस्कीट मऊ केलं आणि उभ्यानेच त्याला भरवू लागली. बारामतीची गाडी लागेपर्यंत ती नळापाशीच होती.